खुर्चीखाली गेलेलं पेन

घरात दवाखान्याची खुर्ची आली त्याला अकरा दिवस झाले होते, आणि त्या अकरा दिवसांत सासूबाई सासऱ्यांशी थेट एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. जे काही बोलायचं ते सुनेमार्फत.

“बाबांना विचार, चहा आत्ता घेणार की आंघोळीनंतर.”

बाबा समोरच बसलेले. हात लांब केला तर कप हातात येईल इतक्या अंतरावर. “आईला सांग, आत्ता.”

“आत्ता म्हणतायत,” सून सांगायची. तिला वाटायचं, आपण दुभाष्याची नोकरी धरली आहे आणि दोन्ही बाजूंची भाषा मात्र एकच आहे.

सासरे दातांचे डॉक्टर. एकतीस वर्षं एकाच जागेत त्यांनी लोकांचे दात काढले, बसवले, घासले, भरले, आणि महिन्यापूर्वी दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला. कपाटं दिली, यंत्रं दिली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिलं. खुर्ची मात्र त्यांच्याच्यानं सोडवेना. चार माणसांनी घामाघूम होत ती उचलून आणली आणि घरात दुसरीकडे कुठंच मावेना म्हणून मागच्या खोलीत उभी केली. खालून जड लोखंडी बैठक, वर फिकट हिरवं गादीचं आसन, बाजूला लांब हाताचा दिवा, आणि पायाशी एक पेडल. दाबलं की खुर्ची उसासा टाकत खाली यायची.

मागची खोली ही सुनेची कामाची खोली. तिचं टेबल सरकत सरकत पार भिंतीला टेकलं होतं.

सासूबाईंनी त्या दिवशी खुर्चीकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि तोंडाला कुलूप घातलं. सगळे धरून चालले की खोली अडली म्हणून राग आहे.

सून चित्रकार होती, पण चित्रकार म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं तसली नाही. घडीचं टेबल किंवा कपाट विकत आणलं की खोक्यातून एक पुस्तिका निघते. तिच्यात शब्द नसतात, फक्त चित्रं असतात, आणि एक टकला माणूस हसत हसत स्क्रू पिळत असतो. तो माणूस तिचा. नऊ वर्षं ती त्याला काढत होती. त्यानं आजवर चाळीसेक कपाटं, सात पाळणे आणि एक झोपाळा जोडला होता. ती स्वतः मात्र हातात स्क्रूड्रायव्हर आला की घाबरायची. तिच्या कपाटाचं दार गेली दोन वर्षं एका बिजागरीवर लोंबत होतं, आणि ते बघून नवरा रोज म्हणायचा, “तुझ्या टकल्याला बोलव की.”

त्या दिवशी तिला भिंतीला लावायच्या घडीच्या टेबलाची पुस्तिका पुरी करायची होती. बावीस चित्रं. एकोणीस झाली होती. संध्याकाळी पाचला पुस्तिका टेबलाच्या कंपनीतल्या छपाई बघणाऱ्या बाईंकडे पोचायला हवी होती, कारण सहाला छापखान्यात जायची होती. सून सकाळी लवकर उठून बसली आणि आठ वाजेपर्यंत पाठीचं लाकूड झालं. सासूबाई न्हाणीघरात आहेत अशी खात्री करून घेऊन ती हळूच खुर्चीत जाऊन पडली.

हे तिचं गुपित होतं. खुर्ची फार सुखाची होती. सासूबाईंच्या पक्षात राहायचं म्हणून ती कुणाला तसं सांगत नव्हती, एवढंच.

टॅब्लेटवर चित्रं काढायचं पेन तिच्या हातातच होतं. डोळे मिटले, बोटं सैल पडली, पेन मांडीवरून घरंगळलं. ते पडल्याचा आवाज तिला आला. पण उतरायचं म्हणून तिनं पेडल दाबलं ते त्याच क्षणी. खुर्ची उसासा टाकत खाली आली आणि पायाच्या पट्टीखालून आवाज आला. “कट्.”

लहानसा आवाज. कुणी सुपारी फोडावी तसा. ती उडी मारूनच उतरली.

खुर्ची वर करून तिनं पेन काढलं. टोक मुळापासून तुटलेलं. पुढची निमुळती बाजू तडकलेली. टॅब्लेटवर टेकवलं, काही नाही. फिरवलं, हलवलं, झटकलं, त्याच्यावर फुंकर मारली. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. टकला माणूस विसाव्या चित्रात एक हात वर करून उभा होता. त्या हातात स्क्रू अजून यायचा होता.

दहाला दुकानं उघडली तेव्हा ती कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या दारात होती. त्यानं पेन दिव्याखाली धरलं, उलटं केलं, कानाशी नेऊन हलवलं.

“हे उघडत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे कसंच उघडत नाही?”

“तसं उघडतं. पण उघडलं की बंद होत नाही. आणि आत टोक मोडून बसलंय ताई, ते निघायचं नाही. नवीन घ्या.”

“तुमच्याकडे आहे?”

“मागवावं लागेल. आठ दिवस.”

घरी येता येता तिनं नवऱ्याला फोन लावला. तो कामावर होता आणि घाईत होता. “नवीन मागव ना,” तो म्हणाला.

“आठ दिवस लागतील.”

“मग माउसनं काढ.”

माउसनंही काढून बघितलं. टकल्याचा कान काढायला पंधरा मिनिटं लागली आणि कानाचा बटाटा झाला. दुसऱ्या प्रयत्नात बटाट्याला कोंब आला. तिनं माउस बाजूला सारला, टेबलावर डोकं टेकवलं, आणि तिच्याही नकळत एक हुंदका बाहेर पडला.

दार उघडून सासूबाई आत आल्या. त्यांनी तुटलेलं पेन बघितलं, खुर्ची बघितली, आणि सगळा प्रकार कुणी न सांगता त्यांच्या ध्यानात आला. त्या दाराकडे वळल्या आणि बाहेरच्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाल्या, “बाबांना सांग, त्यांच्या खुर्चीनं तुझं पेन खाल्लं!”

बाहेर वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज झाला. डॉक्टर दारात आले.

“कुणी काय खाल्लं?”

“बाबा, चूक माझीच आहे. मीच पेडल दाबलं.”

“बघू.”

त्यांनी पेन हातात घेतलं, आणि सुनेनं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदललेला बघितला. महिनाभर हा माणूस घरात नुसता फिरत होता. खिडकी उघडायचा, लावायचा. शेजाऱ्यांशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि वरच्या डाव्या दाढेबद्दल सल्ला द्यायचा. शेजारी आता त्यांच्याशी ओठ मिटून बोलत. पण पेनाच्या तुटक्या टोकात डोकावताना त्यांच्या कपाळावर नेमकी एक आठी उमटली आणि मान किंचित डावीकडे कलली.

“मूळ आत राहिलंय,” ते म्हणाले.

“दुकानदार म्हणाला, निघणार नाही.”

“त्यानं किती मुळं काढलीत?”



डॉक्टरांनी कपाटावरून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. म्हणजे सगळीच हत्यारं त्यांनी डॉक्टरीणबाईंना दिली नव्हती तर. डबा उघडल्यावर दाराशी उभ्या सासूबाईंनी नाकानं एक आवाज काढला. अकरा दिवसांत नवऱ्यापर्यंत थेट पोचलेलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

डॉक्टरांनी खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरला, त्यावर पेन ठेवलं, दिवा ओढला आणि डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला. मग तोंडाला फडकंही बांधलं.

“बाबा, फडकं कशाला? पेन आहे.”

“सवय आहे,” ते फडक्यातून म्हणाले. “हे किती वाजता पडलं?”

“आठला.”

“आधी काही त्रास होता?”

“बाबा!”

“अगं, विचारतोय त्याला कारण आहे. आधी बरं होतं ना? मग बिघाड पडल्यामुळेच आहे. उगाच सगळं उकरायला नको.”

सुनेला पटलं. तिला एकदम धीरही आला.

त्यांनी डब्यातून केसासारखी बारीक, अंगावर काटे असलेली एक सुई उचलली. दाताच्या मुळातली नस काढायची सुई. ती तुटक्या टोकाच्या कडेनं आत सरकवली, दोन बोटांत अलगद फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली. मग मनगटाला एक हिसका बसला आणि सुईला लटकून एक करडा तुकडा बाहेर आला, तांदळाच्या दाण्याएवढा.

“तोंड धू,” डॉक्टर सवयीनं म्हणाले आणि मग स्वतःच ओशाळले.

सून टाळ्या पिटणार होती, पण त्यांनी हात वर केला. नुसतं मूळ निघून भागणार नव्हतं, आत काय झालंय ते बघायला हवं होतं. बोथट पात्यानं सांध्यावर चहूबाजूंनी दाब देत देत त्यांनी पेनाची पुढची बाजू सोडवली आणि आतला ऐवज टॉवेलवर ओढला. एक हिरवी पट्टी, केसाएवढ्या तारेचं वेटोळं, वेटोळ्याच्या आत एक काळी नळी, एक रबरी टोपी, आणि एक स्प्रिंग. ती स्प्रिंग टॉवेलवर एकदा उडाली, दुसऱ्यांदा उडाली, आणि तिसऱ्यांदा उडायच्या आत सासूबाईंची वाटी तिच्यावर उपडी पडली.

त्या कधी पुढे आल्या ते कुणाला कळलंच नव्हतं.

डॉक्टरांनी वाटीकडे बघितलं. “आईला सांग, आभारी आहे.”

“बाबांना सांग, पुढचं बघा.”

पुढचं बघताना डॉक्टर गांगरले. “यातलं आधी काय निघालं? टोपी की वेटोळं? दातात असं नसतं. दात उघडला तरी दात एकच असतो.”

इथं सून कामाला आली. इतका वेळ तिला आपण निरुपयोगी आहोत असं वाटत होतं. पण गोष्टी कोणत्या क्रमानं निघतात आणि कोणत्या क्रमानं बसतात हे बघणं तर तिचा नऊ वर्षांचा धंदा होता, आणि तिच्या डोळ्यांनी सगळं टिपलं होतं. तिनं कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि पाच मिनिटांत पेनाचं पोट उघडून मांडलं. प्रत्येक भाग वेगळा, मधे तुटक रेघा, प्रत्येकाला आकडा. एक टोपी, दोन स्प्रिंग, तीन नळी, चार वेटोळं, पाच पट्टी. कोपऱ्यात हात सवयीनं गोल डोकंही काढायला लागला होता, तो तिनं आवरला.

डॉक्टरांनी कागद दिव्याच्या दांड्याला टाचला. “हे कॉलेजात असतं ना,” ते म्हणाले, “तर मी दोन वर्षं आधी पास झालो असतो.”

खरं दुखणं सापडलं ते काळ्या नळीत. ती मधोमध तडकून दोन तुकडे झाली होती. भिंगाखाली कडा स्वच्छ दिसत होत्या, चुरा झाला नव्हता. चिकटली तर चिकटली. डॉक्टरांनी सुपरग्लूची नळी मागवली, सुईच्या टोकावर त्यातला थेंबाचा थेंब घेतला, एका कडेला लावला, आणि दोन्ही तुकडे अंगठा आणि पहिल्या बोटात धरून दाबले. तीस आकडे मोजले. काम सुरेख झालं. नळी एकसंध.

अंगठा आणि बोटही एकसंध.

“हम्म,” डॉक्टर म्हणाले.

“काय झालं?” सून म्हणाली.

“काही नाही. सुटेल.” त्यांनी बोट ओढलं. सुटेना. नळी दोन बोटांच्या बेचक्यात अडकून बसली होती. जोर लावला असता तर पुन्हा तुटली असती.

आणि सासूबाई ओरडल्या, “अहो, हलू नका! हात स्थिर ठेवा!”

अकरा दिवसांचं कुलूप निघालं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यांनी कोमट पाण्याचं भांडं आणलं, त्यात साबण कालवला, नवऱ्याचं मनगट धरून हात भांड्यात बुडवला आणि समोर स्टूल ओढून बसल्या. हात बुडलेला, बोटं चिकटलेली. डॉक्टरांना आता कुठं जाता येणार नव्हतं. ही संधी सासूबाईंच्या नजरेतून सुटली नाही.

“कॉम्प्रेसरचे आभार मानलेत तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“आं?”

“निरोपाच्या दिवशी. भाषणात. पेशंटचे मानलेत, औषधवाल्याचे मानलेत, घरमालकाचे मानलेत. या खुर्चीचे मानलेत. आणि ड्रिलला हवा पुरवणाऱ्या त्या कॉम्प्रेसरचे.”

सुनेला ते भाषण आठवलं. टाळ्याही आठवल्या. खुर्चीबद्दल बोलताना डॉक्टरांनी दोनदा चष्मा पुसला होता, आणि पहिल्या रांगेत सासूबाई मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. एकतीस वर्षं सकाळी दवाखान्याचं दार उघडणारी, हत्यारं उकळणारी, रडणाऱ्या पेशंटांचा हात धरणारी बाई. सुनेनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

“खोलीसाठी राग नव्हता?” डॉक्टरांनी विचारलं.

“खोलीला काय करायचंय मला? ती हिची खोली आहे.”

डॉक्टर भांड्यात बघत राहिले. पाण्यावर साबणाचे फुगे फिरत होते.

“तुझे आभार मानायचे,” ते चाचरत म्हणाले, “म्हणजे मला ते, काय म्हणतात, आपणच आपले मानल्यासारखं वाटलं असेल.”

“वाटलं असेल नाही. आठवण झाली नाही.”

“नाही झाली,” डॉक्टरांनी कबूल केलं. मग म्हणाले, “मी पेशंटच्या तोंडातून नजर न काढता हात बाजूला करायचो. हातात बरोबर ते हत्यार यायचं. इतकी वर्षं मी त्या बाजूला कधी मान वळवून बघितलंच नाही बघ.”

“आता बघा. हात तरी अडकलाय.”

त्यांनी बघितलं. सुनेला कळेना, आता इथं थांबावं की सटकावं. ती हळूच मागे सरकत होती तोच टेबलावरचा फोन वाजला. कंपनीच्या बाई. आणि घाईत तिच्या हातून चित्रासकटचा फोन उचलला गेला.

“कुठवर आलंय?” बाईंनी विचारलं. मग त्या थांबल्या. त्यांच्या पडद्यावर सुनेच्या खांद्यामागे तोंडाला फडकं, डोळ्यांवर भिंगं, भांड्यात हात आणि मागे दाताच्या दवाखान्याची खुर्ची असं सगळं एकदम दिसत होतं. “तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे आहात?”

“नाही, घरी आहे.”

“मग ते कोण?”

“माझे सासरे. थोडं तांत्रिक काम निघालंय. पाचला मिळेल.”

“त्यांना बरं नाही का?”

“हात चिकटलाय फक्त,” सून म्हणाली आणि फोन ठेवला. या उत्तरानं बाईंचं समाधान झालं असेल असं तिला वाटलं नाही, पण दुसरं उत्तर नव्हतं.

बोटं सुटली तेव्हा दीड वाजला होता. सासूबाईंनी ती एकेक करून, साबण चोळत, इतक्या नाजूक हातानं वेगळी केली की नळीला चरा पडला नाही. डॉक्टरांच्या अंगठ्याची थोडी साल गेली. ती त्यांनी हसत दाखवली.

आता प्रश्न टोकाचा होता. जादा टोकं सुनेनं कुठंतरी फार सांभाळून ठेवली होती, आणि जे फार सांभाळून ठेवलं ते त्या घरात कधी सापडत नसे. डॉक्टरांनी डबा चाळला. मग हात बाजूला केला आणि नुसतं म्हणाले, “ती...”

सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर एक पांढरी, बारीक काडी ठेवली. पोखरलेल्या दाताच्या मुळात आधाराला बसवतात ती फायबरची काडी.

“हीच,” डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी मान वळवली होती.

काडी त्यांनी कानशीनं घासली, टोक गोल केलं, मापाला तोडली. मग सुनेच्या कागदावर बोट ठेवत ठेवत सगळं पुन्हा आत गेलं. पाच, चार, तीन, दोन, एक. स्प्रिंग बसवताना तिघांनीही तिच्यावर एकेक बोट ठेवलं होतं. पुढच्या बाजूची फट त्यांनी दातात भरायच्या पांढऱ्या मसाल्यानं बुजवली आणि तिच्यावर निळा दिवा धरून ती सुकवली. काळ्या पेनाला एक शुभ्र ठिगळ पडलं.

सुनेनं पेन हातात घेतलं. टॅब्लेटजवळ नेलं. बाण हलला! ती किंचाळली. सासूबाईंनी तिचा दंड धरला. पण टोक अजून काचेपासून बोटभर वर होतं आणि पडद्यावर मात्र रेघ उमटत चालली होती. जाड, काळी, न थांबणारी. टकल्याच्या नाकातून निघून ती कानापर्यंत गेली.

“अजून टेकवलंच नाही मी!” सून रडवेली झाली. “टेकवायच्या आधीच काढतंय.”

डॉक्टर शांत होते. “उंच झालंय,” ते म्हणाले. “काडी थोडी लांब आहे. आत दाबलेली राहते, म्हणून त्याला वाटतं टेकलंय. नवी दाढ बसवली की असंच होतं. पेशंट म्हणतो, डॉक्टर, तोंड मिटायच्या आधीच चावतंय.”

सासूबाईंनी चावा तपासायचा निळा कागद आधीच फाडून तयार ठेवला होता. काडी काढून तिच्या बुडाला कागद लावला, पुन्हा आत घातली, दाबली, काढली. जिथं जास्त टेकत होती तिथं निळा ठिपका. डॉक्टरांनी ठिपका घासला. पुन्हा कागद. पुन्हा ठिपका, आता लहान. पुन्हा घासलं. असं सहा वेळा झालं. घड्याळ तीनच्या पुढे गेलं. सून नखं खात होती, आणि डॉक्टरांनी मान वर न करता तिला सांगितलं की नखं खाल्ल्यानं पुढच्या दातांच्या कडा झिजतात.

सातव्या वेळी ठिपका उमटला नाही.

तिनं पेन टेकवलं. रेघ उमटली. उचललं, थांबली. हलकं टेकवलं तर बारीक, दाबलं तर जाड. बारीक, जाड, बारीक. तिनं पडद्यावर एक लांब वळण काढलं आणि तिघंही ते वळण संपेपर्यंत बघत राहिले.

“आता बाहेर जा,” ती म्हणाली. “दोघंही. प्लीज.”

विसाव्या चित्रात टकल्याच्या हातात स्क्रू आला. एकविसाव्यात त्यानं टेबल भिंतीला समांतर आहे का ते वाकून बघितलं. बाविसाव्यात तो टेबलापाशी बसून हसला. फायबरची काडी काचेवर जराशी अडखळत सरकत होती, त्यामुळे हात सावकाश न्यावा लागत होता, पण गंमत म्हणजे त्या सावकाशीनं हात थरथरत नव्हता. पाचला सात मिनिटं कमी असताना फाइल गेली.

मग तिला बाहेरचा आवाज ऐकू आला. बाहेर भांडण चाललं होतं. अकरा दिवसांचं साठलेलं सगळं दोघं एकदम बोलत होती. पंख्याचा आवाज, धुवायचे कपडे, कुणा मावसभावाला न केलेला फोन, कॉम्प्रेसर, पुन्हा कॉम्प्रेसर. डॉक्टर मधेमधे “बरं बाई” म्हणत होते आणि मधेमधे “मुळीच नाही” म्हणत होते. सासूबाई “अहो, ऐकून तर घ्या” म्हणत होत्या. त्यांना दुभाष्या नको होता. सुनेनं दार लोटून घेतलं आणि निवांत पाठ टेकली.

अर्ध्या तासानं कंपनीच्या बाईंचा फोन आला. या वेळी तिनं नुसता आवाजाचा घेतला.

“सासऱ्यांचा हात कसा आहे?” बाईंनी आधी विचारलं.

“सुटला.”

“चित्रं बघितली. ऐका, शेवटच्या तीन चित्रांची रेघ फार सुंदर आलीय. आमच्या साहेबांच्या लगेच डोळ्यांत भरली. काय केलंत तुम्ही?”

सुनेचा चेहरा खुलला. नऊ वर्षांत तिच्या रेघेबद्दल त्या कंपनीतून कुणी चकार शब्द काढला नव्हता. “पेनाचं टोक बदललंय,” ती म्हणाली.

“मग असं करा,” बाई गोड आवाजात म्हणाल्या, “छपाई आम्ही तीन दिवस पुढे ढकललीय. पहिली एकोणीस चित्रंही तशीच काढून द्या ना.”

फोन ठेवून सून बाहेरच्या खोलीत गेली. तिथं डॉक्टर आणि सासूबाई आता एकाच कागदावर वाकून, खुर्ची खिडकीपाशी ठेवायची की पुस्तकांच्या कपाटापाशी, यावर वाद घालत होते.

“बाबा,” ती म्हणाली, “ही काडी एकोणीस चित्रांत झिजेल. तशा अजून किती आहेत?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण उत्तर सासूबाईंनी दिलं.

“चौदा,” त्या म्हणाल्या. “आणि एक जाड आहे, ती तुला चालायची नाही.”